जिममधील तगादा आणि आपले ‘बघू’



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते, म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी हे विषय नेहमीचेच. अलीकडे मात्र एक निराळाच विषय डोके वर काढू लागला आहे. आमच्या भगिनी आणि नोकरीला नुकतीच लागलेली मुलेमुली व्यायामासाठी जिममध्ये नाव नोंदवतात. वर्षाची फी भरतात. आणि पहिला आठवडा संपायच्या आत ‘पर्सनल ट्रेनिंग घ्या’ म्हणून त्यांच्यामागे असा काही तगादा लागतो की, व्यायामापेक्षा त्या तगाद्यानेच घाम फुटावा.

कल्याणच्या एका भगिनीने सविस्तर लिहिले आहे. वय चौतीस, खाजगी कंपनीत कारकून, घरी दोन मुले. डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचे सांगून व्यायाम करा म्हटले, म्हणून तिने घराजवळच्या जिममध्ये वर्षाचे १२,००० रुपये भरले. तिसऱ्या दिवशी तिला ‘मोफत तपासणी’साठी केबिनमध्ये बसवले. एका यंत्रावर उभे केले, कागद बाहेर आला आणि तिला सांगण्यात आले, ‘मॅडम, तुमच्या शरीराचे वय एकोणपन्नास आहे.’ मग दुसरा ट्रेनर आला, मग मॅनेजर आला. ३६ सत्रांचे २७,००० रुपये, आणि तेही आज रात्रीपर्यंतच, उद्यापासून भाव वाढणार. भगिनी म्हणाली, ‘बघते, मिस्टरांना विचारते.’ त्यानंतर तीन आठवडे रोज फोन. जिममध्ये पाऊल टाकले की समोर तोच प्रश्न, ‘मॅडम, काय ठरले?’ शेवटी तिने जिमला जाणेच सोडले. तिचे शेवटचे वाक्य असे आहे: ‘बारा हजार गेले, व्यायामही गेला आणि आरशासमोर उभी राहिले की ते एकोणपन्नास आठवते, ते वेगळेच.’

हे पत्र वाचून आम्हाला त्या २७,००० पेक्षा त्या १२,००० ची अधिक हळहळ वाटली. पर्सनल ट्रेनिंग तिने घेतले नाही, म्हणजे पैसे वाचले असे कोणी म्हणेल. पण भीडेपोटी तिने जे आधीच विकत घेतले होते तेही सोडून दिले. अशी पत्रे एकदोन नाहीत. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पर्सनल ट्रेनिंग म्हणजे लुबाडणूक, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्याने जन्मात वजन उचललेले नाही त्याला दहाबारा वेळा कोणी शेजारी उभे राहून पाठ कशी ठेवावी, गुडघा कुठे वाकवावा, श्वास कधी सोडावा हे दाखवले तर दुखापत टळते. वयस्कर माणसाला, वजन फार असलेल्याला, एकट्याने गेल्यास आळस करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. (गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, मणक्याचे दुखणे असेल तर मात्र ट्रेनरच्या आधी फिजिओथेरपिस्टकडे जावे. ते निराळे शिक्षण आहे.) ज्याला परवडते आणि जो विचार करून घेतो त्याने जरूर घ्यावे. आमचा आक्षेप आहे तो माणसाला लाजवून, घाबरवून, घाईत टाकून गळ्यात मारण्याला.

मग हे लोक एवढे मागे का लागतात? नागपूरच्या एका तरुणाचे पत्र आमच्याकडे आहे. हा आपल्याच वस्तीतला मुलगा, दोन वर्षे एका जिममध्ये ट्रेनर आहे. तो लिहितो की, ठरलेला पगार इतका तुटपुंजा आहे की खोलीचे भाडे आणि खानावळ भागली की संपला. खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगच्या हिश्शातून. गिऱ्हाईक जे भरते त्यातला एक भाग जिमचा, एक भाग ट्रेनरचा. दर महिन्याला किती रुपयांचे ट्रेनिंग विकायचे याचे टार्गेट ठरलेले. ते पुरे झाले नाही तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभे करतात. तो पुढे म्हणतो, ‘लोकांना वाटते आम्ही हावरट आहोत. आम्हाला शिकवायला आवडते, पण आमच्या हातात आधी पावती पुस्तक देतात.’

जिमचालकाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. चौकाचौकात जिम झाल्या, त्यामुळे वर्षाची फी चढाओढीने खाली आणावी लागते. जागेचे भाडे, वीज, यंत्रांचे हप्ते मात्र खाली येत नाहीत. तेव्हा जो माणूस एकदा दारातून आत आला आहे त्यालाच आणखी काही विकणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. पर्सनल ट्रेनिंग, मग प्रोटीनचा डबा, मग आहाराचा तक्ता. हे कळले म्हणजे दोन गोष्टी होतात. एक, आपल्या शरीरात काही भयंकर दोष असल्यामुळे हे मागे लागले आहेत, हा गैरसमज जातो. महिनाअखेर जवळ आली की तगादा वाढतो, यातच सगळे आले. दुसरी, समोरच्या मुलावर डाफरायचे कारण उरत नाही. तोही पोटासाठीच उभा आहे.

त्याच नागपूरच्या मुलाने एक मोलाची गोष्ट लिहिली आहे आणि आजच्या लेखाचा सारा गाभा तीच आहे.

आपल्या मराठी माणसाचा एक लाडका शब्द आहे, ‘बघू’. कोणी लग्नाचे आमंत्रण दिले आणि जायचे नसले की आपण म्हणतो, ‘बघू, जमलं तर येतो.’ कोणी उसने मागितले आणि द्यायचे नसले की, ‘बघू, पुढच्या पगाराला.’ देणाराही समजतो, घेणाराही समजतो. तोंडावर नकार न देता नकार पोचवायची ही आपली जुनी रीत आहे आणि नात्यागोत्यात ती चांगलीही आहे. पण जिमच्या टेबलावर या शब्दाचा अर्थ फिरतो. तेथे प्रत्येक सभासदाच्या नावापुढे शेरा लिहिलेला असतो. ‘नाही’ म्हणणाऱ्याचे नाव यादीच्या तळाला जाते. ‘बघू’, ‘सांगते’, ‘पुढच्या महिन्यात’ म्हणणाऱ्याचे नाव वर चढते आणि त्याला फोन करण्याचे काम कोणातरी एकाच्या गळ्यात पडते. म्हणजे आपण ज्या शब्दाने सुटका करून घेऊ पाहतो त्याच शब्दाने स्वतःला बांधून घेतो. त्या मुलाच्या शब्दांत, ‘सरळ नाही म्हटले तर आमचाही वेळ वाचतो. बघू म्हणणाऱ्यांमुळेच आम्हाला वीस फोन करावे लागतात.’

भीड भिकेची बहीण, असे आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या.

‘बघू’ची दुसरी भावंडे म्हणजे कारणे. आपल्याला वाटते कारण दिले की नकार सभ्य होतो. पण विक्रीच्या शिक्षणात ग्राहक कोणती कारणे देतो आणि प्रत्येकावर काय उत्तर द्यायचे हे पाठ करून घेतलेले असते. पैसे नाहीत म्हणा, हप्ते करून देतात. वेळ नाही म्हणा, ‘तुम्ही सांगाल ती वेळ’. आधी महिनाभर स्वतः करून पाहते म्हणा, ‘चुकीचा व्यायाम करून कंबर धरली तर?’ कारण हा दरवाजा असतो. आपण एक बंद करावा म्हणतो आणि नकळत उघडा टाकतो.

भगिनींच्या बाबतीत तर एक खास उत्तर तयार असते. ‘मिस्टरांना विचारते’ म्हटले की ट्रेनर हसून म्हणतो, ‘मॅडम, स्वतःच्या शरीरासाठी नवऱ्याची परवानगी कशाला?’ वा! स्त्रियांच्या बरोबरीसाठी ज्यांनी हयात घालवली त्यांना ठाऊक नसेल की, पुढे हा विचार छत्तीस सत्रांचे पॅकेज खपवायलाही कामाला येईल. ज्या घरात दोघे मिळून महिन्याचा हिशेब मांडतात तेथे मोठा खर्च एकमेकांना विचारून करणे यात कसली गुलामगिरी? उलट नवराही तिला विचारतोच ना? तरीसुद्धा आमचा सल्ला असा की, नवऱ्याचे, सासूचे, भावाचे नाव ढाल म्हणून पुढे करू नये. एक तर ती ढाल टिकत नाही. आणि मुख्य म्हणजे, नको असलेली वस्तू नको म्हणायला तुम्ही स्वतः पुरेशा आहात.

तेव्हा म्हणावयाचे काय? एकच वाक्य: ‘पर्सनल ट्रेनिंग मला घ्यायचे नाही. सभासदत्वात जेवढे आहे तेवढे मी वापरणार आहे.’ मुंबई-ठाण्याकडे समोरचा हिंदीत बोलत असेल तर, ‘भैया, मुझे पीटी नहीं लेना है.’ आवाज चढवायचा नाही, हसून सावरायचे नाही, पुढे ‘कारण’ जोडायचे नाही. त्याने ‘का?’ विचारले तर, ‘घ्यायचे नाही, एवढेच.’ पुन्हा विचारले तर पुन्हा तेच, शब्दही न बदलता. पहिल्यांदा जिभेला जड जाते. दोन दिवस घरी मुलीबरोबर म्हणून पाहावे. आम्ही थट्टा करीत नाही, एका भगिनीने खरोखर तसे केले. मुलगी ट्रेनर झाली, आई गिऱ्हाईक. मुलगी म्हणे, ‘आई, तू दर वेळी शेवटी सॉरी म्हणतेस, ते आधी काढ.’

आणि केबिनमध्ये बसू नये. उभ्याउभ्या नकार देणे सोपे असते. खुर्चीत बसले, समोर पाण्याचा ग्लास आला, मॅनेजरसाहेब आले की माणूस पाहुणा होतो आणि पाहुण्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. पहिले दोन दिवस ट्रेनर फार मायेने फुकट शिकवतो, त्याचेही असेच ओझे मनावर बसते. त्याचे आभार मानावेत. आभार २७,००० रुपयांचे मानायचे नसतात.

त्या यंत्राविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण सर्वांत खोल घाव तेथे बसतो. शरीरातील चरबी, स्नायू, पाणी मोजणारी ही यंत्रे शरीरातून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडतात आणि त्याला किती अडथळा होतो त्यावरून अंदाज बांधतात. पाण्यातून प्रवाह सहज जातो, चरबीतून कमी. म्हणून तुम्ही पाणी किती प्यालात, जेवून आलात की उपाशी, नुकताच व्यायाम केला आहे काय, मासिक पाळीचे दिवस आहेत काय, यांनी आकडे हलतात. एकाच यंत्रावर, एकाच वेळी, सारख्या परिस्थितीत दर दोनतीन महिन्यांनी मोजले तर आपली वाटचाल कळायला त्याचा उपयोग आहे. पण ‘शरीराचे वय’ हा आकडा त्या यंत्राच्या कंपनीने आपल्या सूत्राने काढलेला असतो. तो काही डॉक्टरचा निदानाचा कागद नव्हे. कल्याणच्या भगिनीने तो कागद फाडून टाकावा आणि साखरेची तपासणी तेवढी वेळच्या वेळी करावी.

शरीरावरून बोल लावणे आपल्या लोकांना नवे नाही. रंगावरून, अंगकाठीवरून, कपड्यांवरून, बोलण्यावरून आपल्या कित्येक पिढ्यांनी ऐकले आहे. चकचकीत आरशांच्या त्या हॉलमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकताना आपल्या मुलीच्या मनात ‘हे आपल्यासाठी आहे ना?’ अशी शंका असतेच. नेमक्या त्याच शंकेवर बोट ठेवून विक्री केली जाते. पैसे भरून आलेल्या बाईला तिच्या पोटाचा घेर चारचौघांत मोठ्याने सांगायचा अधिकार कोणालाही नाही. तसे झाल्यास तेथल्या तेथे म्हणावे, ‘हे असे बोलायचे नाही.’

आता ‘आजचीच ऑफर’. खरोखर उद्या भाव वाढणार असेल तर वाढू द्यावा. बहुधा महिन्याभराने तीच ऑफर नवे नाव घेऊन येते. गणपतीची जाते, दसऱ्याची येते, दिवाळीची जाते, नव्या वर्षाची येते. खोटी घाई निर्माण करून विकण्याची ही युक्ती इतकी बोकाळली की, केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी इंटरनेटवरील विक्रीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत तेरा फसव्या युक्त्या नावानिशी नोंदवल्या आणि खोटी घाई ही त्यांतली एक आहे. न घेणाऱ्याला लाजवणे हीसुद्धा त्याच यादीत आहे. ती तत्त्वे ऑनलाइन व्यवहाराची आहेत हे खरे. पण जिमच्या केबिनमध्ये काय चालते ते ओळखायला ती यादी चांगली उपयोगी पडते. आमच्या घरी एक साधा नियम आहे: ज्या वस्तूला एक रात्रही थांबता येत नाही ती घ्यायची नाही. भाजी सोडून.

नकार दिल्यावर काही ठिकाणी दुसरा प्रकार सुरू होतो, अबोल्याचा. पीटी घेणाऱ्यांभोवती तीन ट्रेनर आणि तुम्ही यंत्राशी झटापट करीत असता तर कोणी ढुंकून पाहत नाही. येथे मात्र गप्प बसू नये. बहुतेक जिममध्ये सभासदत्व देताना ‘हॉलवर ट्रेनर असतील, यंत्रे कशी वापरायची ते दाखवतील’ असे सांगितलेले असते. ते तुमच्या फीतच आहे. काउंटरवर जाऊन विचारावे, ‘माझ्या वेळेला हॉलवर कोण ट्रेनर आहे? मला आठवड्याचा व्यायाम कार्डावर लिहून हवा आहे.’ दर वेळी एखादेच यंत्र विचारावे. आणि ज्यांनी अजून नाव नोंदवलेले नाही त्यांनी हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारून उत्तर पावतीच्या मागे लिहून घ्यावे. सात-आठ दिवसांची फी देऊन पाहता येत असेल तर फार उत्तम. संध्याकाळी गर्दीच्या वेळी जाऊन नुसते बघावे: नवख्या माणसाजवळ कोणी जाते की नाही?

नागपूरच्या त्या मुलाला आम्ही विचारले की, कोणी खरेच घ्यायचे ठरवले तर काय पाहावे? त्याने आडपडदा न ठेवता सांगितले. आधी सर्वांत लहान पॅकेज घ्यावे, बारा सत्रांचे असेल तर बारा. मुदत पाहावी, कारण खरी मेख तेथे असते. ३६ सत्रे २७,००० ला म्हणजे एक सत्र ७५० ला पडते. पण मुदत तीन महिन्यांची असली, मध्ये मुलांच्या परीक्षा आल्या, गावाला जाणे झाले आणि वीसच सत्रे झाली, तर एक सत्र १,३५० ला पडले. उरलेली सत्रे मुदत संपताच बुडीत. ट्रेनर नोकरी सोडून गेला तर काय, हेही लिहून घ्यावे. या धंद्यात माणसे फार बदलतात. सत्र झाल्याखेरीज रजिस्टरवर किंवा ॲपवर सही करू नये. ट्रेनरचे शिक्षण विचारण्यात संकोच धरू नये. डॉक्टर-वकिलांना जशी कायद्याने नोंदणी लागते तशी आपल्याकडे जिमच्या ट्रेनरला लागत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र कोणाचे आणि अनुभव किती, हे आपणच विचारायचे असते. आणि एखाद्याने कानात सांगितले की, ‘ताई, जिमला देऊ नका, माझ्या नंबरवर टाका, निम्म्यात करतो,’ तर नम्रपणे नको म्हणावे. तुमच्या हाती पावती राहत नाही आणि पकडला गेला तर त्या मुलाची नोकरी जाते.

पैशांच्या बाजूच्या दोनतीन गोष्टी. जिमच्या सेवेवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जुन्या छापील तक्त्यावर बोट ठेवून कोणी १८ टक्के लावत असेल तर बिल नीट पाहावे. बिल मात्र घ्यावेच. सेवा देऊन बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे. प्रोटीनच्या डब्याबद्दल इतकेच सांगतो की, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पूरक पावडरी टाळाव्यात असे सांगितले आहे. डाळ, अंडी, दूध, मासे, मटण, शेंगदाणे हे आपल्या घरात आहेच.

हप्त्यांचे मात्र गंभीर आहे. पिंपरीच्या एका मुलीने पहिल्या पगारातून ‘बिनव्याजी हप्त्यां’वर पर्सनल ट्रेनिंग घेतले. दीड महिन्याने तिची पाळी बदलली, जिमला जाणे बंद झाले, पण हप्ता चालूच. तिला वाटत होते की जिमचे पैसे जिमला द्यायचे आहेत, नाही दिले तर फार तर जिम बंद होईल. प्रत्यक्षात ते तिच्या नावावरचे कर्ज होते, एका वित्त कंपनीचे. जिमला पैसे कधीच मिळून गेले होते. हप्ता चुकला तर दंड तिला, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेली तर त्या चुकलेल्या हप्त्याची नोंद तिच्या नावापुढे. मोबाइलवरून झटपट दिलेल्या अशा कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ‘कूलिंग ऑफ’ मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंड न देता कर्जातून बाहेर पडता येते. ती मुदत किती, हे कर्जाच्या कागदात लिहिलेले असते. म्हणून ट्रेनरने तुमचा मोबाइल हातात घेऊन ‘ओटीपी सांगा मॅडम’ म्हटले की मोबाइल परत घ्यावा. दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिलेली असेल तर ती ज्या ॲपवरून दिली त्याच ॲपवरून किंवा बँकेतून रद्द करता येते. पण ही सवलत जिमच्या मासिक फीची. कर्जाचा हप्ता असा थांबवू नये.

येथे आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणतील, ‘हवे कशाला हे जिमचे खूळ? आमच्या वेळी वस्तीत व्यायामशाळा होती, वस्ताद होते, जोर-बैठका होत्या.’ होत्या, आणि वस्ताद पैसे मागत नसत हेही खरे. पण त्या व्यायामशाळेत त्यांची बहीण कधी गेली होती का? बहुतेक ठिकाणी मुलींना तो उंबरठा बंदच होता. आज आपली मुलगी, सून, क्वचित आईसुद्धा ट्रॅकसूट घालून सहा वाजता घराबाहेर पडते, ही लहान गोष्ट नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी बागेतली उघडी व्यायामयंत्रे वापरावीत, भराभर चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम एवढेच आहे. पण ज्यांनी जिमची फी भरली आहे त्यांनी तगाद्यापायी घरी बसू नये. कल्याणच्या भगिनीच्या वर्षातले सात महिने अजून शिल्लक आहेत. तिने सोमवारी जावे. विचारतील, ‘मॅडम, काय ठरले?’ उत्तर वर दिलेच आहे. फोन थांबत नसतील तर एकदा लेखी कळवावे की, विक्रीसाठी फोन करू नये. तरी आले तर १९०९ वर तक्रार करता येते.

ज्यांनी घाईत पैसे भरून टाकले आहेत आणि आता परत हवे आहेत त्यांची तीन पत्रे आहेत. पावतीवर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ छापले आहे, आता काय, असे तिघांनीही विचारले आहे. छापले म्हणून विषय संपला असे नाही आणि कायदा आहे म्हणून उद्या पैसे हातात पडतील असेही नाही. ग्राहकाच्या हक्कांवर मोठा घाला घालणाऱ्या एकतर्फी अटींना २०१९ च्या कायद्यात ‘अन्याय्य करार’ म्हटले आहे आणि तशी तक्रार राज्य आयोगाकडे जाते. सेवेत कमतरता, दिलेले वचन न पाळणे या तक्रारी जिल्हा ग्राहक आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, मुदत दोन वर्षांची. आयोगाच्या आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कित्येक प्रकरणे तेथेच मिटतात. आणि त्याच्याही आधी जिमला लेखी अर्ज द्यावा. तो साधारण असा:

‘मी आपल्या जिमची सभासद असून अमुक तारखेला ३६ सत्रांच्या पर्सनल ट्रेनिंगसाठी अमुक रुपये भरले आहेत. पावती क्रमांक अमुक. आजपर्यंत त्यांपैकी अमुक सत्रे झाली. अमुक कारणामुळे मी पुढील सत्रे घेणार नाही. झालेल्या सत्रांचे पैसे वजा करून उरलेली रक्कम पंधरा दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावी. माझे वर्षाचे सभासदत्व चालू राहील.’

येथे कारण लिहावे, कारण हे बोलणे नसून कागद आहे. ट्रेनर बदलला, ठरलेली वेळ मिळाली नाही, सांगितले एक आणि दिले दुसरे, जे खरे असेल तेच लिहावे. शेवटचे वाक्य विसरू नये, नाहीतर जिमवाले सभासदत्वही रद्द झाले असे समजतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्यावा. देत नसतील तर तोच मजकूर ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवून टपालाची पावती बिलाला टाचून ठेवावी.